खुर्ची जाईल तिथपर्यंत

"बाबा, कलतंय! धर, धर!"

प्रणित ओरडला तशी शिवाने त्याची चाकाची खुर्ची दोन्ही हातांनी आवळून धरली. धरली खरी, पण डावं चाक बाहेरकाठ्याच्या मऊ मातीत आधीच आत गेलं होतं. बाहेरकाठा म्हणजे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांबच लांब बांध. शिवाच्या बापाच्या वेळी त्यावरून बैलगाडी जायची म्हणे. आता बैल नाहीत, गाडी नाही आणि बांधही जागोजागी फुटलेला. दुरुस्तीला साहेब येतात, फोटो काढतात, जातात.

"आता रं?" प्रणितने विचारलं.

"आता काय, खांद्यावर बस."

खुर्ची तिथेच टाकून शिवाने पोराला उचललं. अकरा वर्षांचं पोर, काही फार वजनाचं नव्हे. पण ज्याचा कणाच धरत नाही त्याला खांद्यावर घेणं म्हणजे भिजल्या भाताचं पोतं उचलण्यासारखं, इकडून सावरावं तर तिकडून घसरतं. दहा-वीस पावलं गेला असेल नसेल, आणि पाय घसरला. दोघं बापलेक चिखलात. प्रणित तोंडावर पडला आणि त्याला स्वतःचं तोंड वर काढता येईना. शिवाने त्याला उलटं केलं, नाकातोंडातला चिखल बोटाने काढला, तेव्हा कुठे पोर खोकलं. पलीकडे खाजणाच्या दलदलीत अडयांचा, म्हणजे रानबदकांचा, थवा शिट्ट्या घालत आरामात चरत होता. त्यांना काय त्याचं!

घरी सगुणाने पोराला आंघोळ घातली आणि नवऱ्याला शब्दांनी धुतलं.

"जल्लं मेलं तुमचं ते बदक! पोर मेलं असतं ना आज. आणि वनखात्यानं धरलं, आत टाकलं तुमाला, तर याला रोज उचलायचं कोणी? मी एकटीनं? माझी कंबर बगितलीय का?"

शिवा चुलीपाशी ओल्या कपड्यांनी बसून राहिला. ती बोलत होती त्यातला शब्द न् शब्द खरा होता. रानबदक धरायला कायद्याने बंदी आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवानेही बाप गेल्यापासून जाळ्याला हात लावला नव्हता. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात तो मूर्ती घासायचं काम करी. सकाळी जायचं, संध्याकाळी पांढरं तोंड घेऊन यायचं. बदकाबिदकाचा विषय संपला होता.

पण मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. आधी पाय जातात, मग पाठ, मग हात. पाय गेले होते. पाठ गेली होती. डॉक्टरांनी आपलं बोट प्रणितच्या उजव्या मुठीत देऊन दाबायला सांगितलं आणि मग शिवाकडे न बघताच म्हणाले, "आता हात. सहा महिने, वर्ष. त्याला जे काही हाताने करायची हौस असेल ते करू द्या."

प्रणितला एस्टीत विचारलं, तर तो काय म्हणावा? "मला अडई धरायची. अक्षयने धरली तशी."

अक्षय त्याचा मामेभाऊ. आणि अडई धरण्याची त्यांच्याकडे एक जुनी चालत आलेली रीत होती. उथळ पाण्यात जाळं निजवून ठेवायचं, मोठ्या माणसाने जवळच लव्हाळ्यात दबा धरायचा, आणि दोरी मात्र लांब बसलेल्या पोराच्या हातात द्यायची. पोर लहान, पाखरं बुजत नाहीत. पाखरं जाळ्यावर आली की मोठ्याने खूण करायची, पोराने हिसका द्यायचा, जाळं उलटायचं, की मोठ्याने उडी घालून ते दाबून धरायचं. ज्या पोराने पहिली अडई धरली, त्याच्या अडईचं कालवण मामाच्या घरी व्हायचं आणि त्या दिवशी त्याचं ताट मोठ्या माणसांच्या पंगतीत मांडायचं. त्या दिवसापासून त्याला कोणी 'ए बारक्या' म्हणायचं नाही. एवढंच.

एवढंच, पण प्रणितला सगळे 'ए बारक्या' म्हणायचे. आणि शिवाला वाटायचं, अरे देवा, या पोराने जन्माला येऊन स्वतःच्या हाताने एक तरी गोष्ट केलेली मला बघू दे. पाखरू मग सोडून देईन. पण त्याने धरलेलं बघू दे.

पडल्याचं प्रकरण निवळल्यावर शिवा पुन्हा जागा शोधायला लागला. जुनी मिठागरं पाहिली. तिथे आता कुंपण होतं आणि कुंपणाआड राखणदार. एका ओळखीच्याच्या शेततळ्यावर गेला, तर तळ्याला उभ्या पायऱ्या. रोह्याजवळ वरसे गावात त्याची बहीण पुतळी दिली होती. तिने फोन केला, "दादा, हितं नदीकाठाला मस्त रस्ता केलाय. खुर्ची अशी सुळ्ळकन जाईल. घेऊन ये पोराला."

नेलं. खरंच खुर्ची सुळ्ळकन गेली. फरशी काय, कठडे काय, खुर्चीसाठी उतारसुद्धा केलेला. प्रणितने उभ्या आयुष्यात इतकी सपाट जागा पाहिली नव्हती. पण बदक? नाव नको. पोट सुटलेली माणसं हात हलवत चालत होती आणि दोन बगळे कुणीतरी टाकलेला पाव खात होते. तासभर बघून आत्याच्या घरी जेवायला आले, तेव्हा प्रणित म्हणाला, "बाबा, खुर्ची जाती तिथं बदक नाय, आणि बदक हाय तिथं खुर्ची जात नाय."

पुतळी पदर तोंडाला लावून आत गेली. केरू, तिचा नवरा, उगाच मोबाइल बघत बसला.

जागा सापडली ती शोधून नव्हे. कारखान्याचा टेंपो वडखळकडे चालला होता, शिवा मागे मूर्ती धरून बसलेला. हायवे रुंद करताना जुन्या रस्त्याचा एक तुकडा बाजूला तसाच राहिला होता. कुठून येत नाही, कुठे जात नाही, नुसतं डांबर. त्याच्या कडेला मातीसाठी खणलेला भलामोठा खड्डा, त्यात खाडीचं पाणी भरलेलं, लव्हाळं माजलेलं. आणि पाण्यावर अडया! हातभर अंतरावरून ट्रक धडधडत होते आणि अडया ढिम्म हलत नव्हत्या. सवय झालेली. शिवाने टेंपोत बसल्या बसल्या हात जोडले, मूर्तीला की रस्त्याला ते त्यालाच माहीत.

सगुणाला सांगायची हिंमत होईना. पण रविवारी दुपारी जाळ्याचं पोतं बघून तिनेच प्रणितला स्वेटर घातला, वर चादर दिली आणि म्हणाली, "अंधार पडायच्या आत आणा. आणि पोर पाण्यात पडलं तर काढायला मी नसते, तेवढं लक्षात ठेवा." त्यातच तिचा होकार आला.

दिवस कलला तेव्हा जाळं पाण्याखाली निजलं होतं. डांबराच्या कडेला खुर्ची, खुर्चीत प्रणित, पाठीला उशा. दोरी त्याच्या मुठीत दिली तर मूठ मिटेना. चार बोटं वळली, अंगठा आलाच नाही. गेल्या महिन्यात यायचा. शिवाने त्याच्या मनगटाला फास करून दोरी बांधली.

"असं करू का? दोरीला दगड लावतो. तू नुसता ढकल. दगड खाली पडला की जाळं उलटतंय."

"नको. मंग दगडानं धरली असं होईल."

"बरं."

"मी धरणार, बाबा."

"तूच रं. मी शिट्टी दिली की हात मागं घे. सगळा जोर लाव."

पोराच्या हातावर चादर ओढून शिवा पाण्यात उतरला. डोक्यावर लव्हाळ्याची पेंडी ठेवून काठालगत आडवा झाला. पाणी गार होतं, चिखलाला डिझेलचा वास होता. बाजूला अलिबागहून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. रविवार ना.

अडया आल्या. आधी चार, मग पुष्कळ. शिट्ट्या घालत एक गिरकी मारली, आणि उतरल्या त्या बरोबर जाळ्यावर. बापाच्या वेळीही कधी इतक्या नेमक्या बसल्या नव्हत्या. शिवाने ओठ ओले केले आणि हलकी शिट्टी दिली.

दोरी हलली नाही.

त्याने मान वळवून पाहिलं. प्रणितचा चेहरा लाल झाला होता, दात आवळलेले, मानेच्या शिरा टरटरून वर आलेल्या. चादरीखाली हात होता तिथे काहीच हालत नव्हतं. शिवाने पुन्हा शिट्टी दिली. ओढ रं राजा. एकदा. एकदाच ओढ.

आणि एक गाडी वळून त्या डांबराच्या तुकड्यावर येऊन थांबली. दार वाजलं आणि सगळा थवा भर्रकन उडून गेला.

गाडीतून एक बाई उतरल्या. हातात खाऊची पिशवी. "अगं बाई, एकटाच बसलाय," म्हणत त्या सरळ प्रणितपाशी गेल्या, त्याच्या मांडीवर पिशवी ठेवायला म्हणून चादर बाजूला केली, आणि किंचाळल्या, "अहो! इकडे या! या मुलाचा हात बांधलाय!"

त्यांचे यजमान धावत आले. तेवढ्यात शिवा पाण्यातून वर आला. विचार न करता आला. डोक्यावर लव्हाळं, अंगभर काळा चिखल.

"हा बाप का तुझा?" गृहस्थांनी प्रणितला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शिवावर तुटून पडले. "दारू पिऊन गटारात लोळतोस आणि पोराला बांधून भीक मागायला बसवतोस? अपंग मुलाला? माणूस आहेस का जनावर?"

शिवा काय सांगणार होता? दारू नाही साहेब, बदकं धरत होतो? मागे हातभर पाण्यात जाळं होतं. गृहस्थांनी मोबाइल काढला होता. "थांब, पोलिसांनाच बोलावतो. जरा कळू दे तुला."

शिवाने हात जोडले. त्याला सगुणाचं बोलणं आठवत होतं. याला रोज उचलायचं कोणी?

"काका, नका बोलवू," प्रणित म्हणाला. आवाज अगदी शांत. "बाबानं बांधलं नाय. खुर्ची उतारावरनं जाती ना, म्हणून मीच दोरी लावायला सांगितली. बाबा पाय घसरून पडला."

गृहस्थ थबकले. त्यांची नजर दोरीवरून पाण्याकडे सरकायला लागली. प्रणितने ते पाहिलं. शिवानेही पाहिलं.

"काकू," प्रणित एकदम बाईंकडे वळून म्हणाला, "लई भूक लागलीय. सकाळपासनं खाल्लं नाय. अजून हाय का काय?"

सकाळी त्याने सगुणाच्या हातच्या तांदळाच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. कोणापुढे कधी हात पसरायचा नाही असं त्याच आईने त्याला शिकवलं होतं. हात पसरणं त्याला जमणारही नव्हतं, म्हणून त्याने फक्त मान पुढे केली आणि तोंड उघडं ठेवलं.

बाईंचे डोळे भरून आले. त्या गाडीकडे पळाल्या, होतं नव्हतं ते सगळं आणलं, केळी, वेफर, पाण्याची बाटली. एक केळं सोलून त्यांनी स्वतः त्याला भरवलं. प्रणित बाईंकडे बघत ते सगळं खात राहिला. केळं त्याला आवडत नसे. गृहस्थांनी मोबाइल खिशात टाकला, शिवाला म्हणाले, "पोराकडे बघून सोडतोय," आणि गाडी गेली.

शिवाला वाटलं, आत्ताच्या आत्ता या खड्ड्यात बुडावं आणि वर येऊ नये. तो तसाच उभा राहिला, निथळत. मग खाली उतरून जाळं ओढून घेतलं, गुंडाळलं, पोत्यात घातलं. गुंडाळताना त्याच्या लक्षात आलं, दोरी जिथे ठेवली होती तिथून वीतभरसुद्धा सरकलेली नव्हती.

तो वर आला तेव्हा प्रणित म्हणाला, "बाबा, मी ओढली होती."

"व्हय."

"खरंच ओढली होती. सगळा जोर लावला."

"बगितलं ना मी. जाळं हललं पण. माझीच उडी चुकली रं. उशीर झाला मला."

प्रणित बापाच्या तोंडाकडे बघत राहिला, बराच वेळ. हायवेवरच्या दिव्यांचा उजेड त्याच्या चेहऱ्यावरून येत जात होता.

"पुढच्या टायमाला लवकर उडी मार," तो म्हणाला.

"मारतो."

शिवा त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि मनगटावरची गाठ सोडवायला लागला. गारठ्याने त्याची बोटं आखडली होती, गाठ सुटेना. शेवटी त्याने पोराचा हात तोंडाशी नेला आणि ती दाताने सोडवली.