कागोयाच्या मागची पाळी

नाइगागाने चिठ्ठीत निघालेली शेवटची पाळी मुतेसीला देऊन टाकली आणि कागोयाच्या मागची घेतली, तेव्हाच मी ओळखलं की पोरगी हिशेबाला पक्की आहे.

कायाक होड्यांच्या स्पर्धेत शेवटची पाळी म्हणजे लोण्याचा गोळा. आधीच्या सगळ्यांचे गुण कळलेले असतात. किती कोलांट्या मारायच्या ते ठरवूनच लाटेवर उतरता येतं. मुतेसीचा तर विश्वासच बसेना.

"अगं, नक्की ना? नंतर रडशील हं."

"घे गं तू. मला कागोयाताईंचा शेजार आवडतो."

काठावर रोलेक्सची, म्हणजे चपातीत अंडं घातलेली, गुंडाळी चावत बसलेली सगळी पोरं हसली. कागोया हसली नाही.

नाईलवर आमचा कायदा एकच. लाटेवर एका वेळी एकच होडी, बाकीच्यांनी कडेच्या संथ पाण्यात रांगेत थांबायचं. गेल्या वर्षी देशाच्या संघाच्या निवडीच्या ऐन तोंडावर नाइगागा लाटेवर असताना कागोया मध्येच घुसली. तिच्या होडीचं टोक नाइगागाच्या खांद्यावर बसलं आणि खांदा निखळला. "दिसलीच नाही हो मला," असं म्हणून डोळे पुसत कागोया बायकांची एकुलती एक जागा घेऊन परदेशी गेली. नाइगागा गळ्यात हात अडकवून आईच्या केळीच्या बागेत बसली. मी, नदीवरच्या सगळ्या पोरांचा मामा, भेटायला गेलो, तर एवढंच म्हणाली, "मामा, तिने पाहिलं होतं."

यंदाही जागा एकच.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी वरच्या धरणाने पाणी सोडलं आणि लाट भिंतीसारखी उभी राहिली. सराव उद्याच्याच क्रमाने. कागोया लाटेवर चढली. नाइगागा कडेला, होडीचं टोक बरोबर लाटेकडे, वल्हं उचललेलं. बस्स. हालचाल नाही, शब्द नाही.

कागोयाने एक झकास गिरकी घेतली, मग मान वळवून कडेला पाहिलं. आता, कायाकमध्ये जिकडे डोकं तिकडे होडी. लाटेने तिला खाली फेकून दिलं.

दुसऱ्या पाळीला तेच. तिसऱ्या पाळीला कोलांटीच्या मध्येच.

"कागोयाबाई, लाट समोर आहे!" मी ओरडलो. म्हातारपणी एवढी चैन चालते.

ती तणतणत वल्हवत आली. "मामा, हिला सांगा ना काहीतरी!"

"काय सांगू? पाळीची वाट बघतेय बिचारी. कायद्यात बसतं."

"बघतेय कशी ते बघा ना!"

"मी कुठे बघते?" नाइगागा म्हणाली. "बघता तुम्ही."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि कागोयाचा बांध फुटला. "पाहिलं होतं मी तुला! झालं समाधान? जागा हवी होती, म्हणून घुसले. आता तरी मागे सरक!"

लाटेच्या गर्जनेतही ते सगळ्यांना ऐकू गेलं. मुतेसीने तोंडावर हात धरला. मला वाटलं, मिटलं.

नाइगागाने खांदा गोल फिरवून पाहिला. "बरं झालं बोललात. पाळी मात्र तीच."

दुसऱ्या दिवशी जागा नाइगागाने जिंकली. सगळ्यांचे गुण ठाऊक असूनही मुतेसीला तिला गाठता आलं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलं आहे ते त्याआधीचं. कागोया लाटेवर होती आणि नाइगागा लाटेकडे चक्क पाठ करून शिरस्त्राणाचा पट्टा आवळत होती. तरीही कागोयाने वळून पाहिलं. आणि पुन्हा पाहिलं. लाटेने तिला पार वळणापर्यंत वाहून नेलं.

शिट्टी वाजली. परीक्षकांनी हात केला, तरी नाइगागा थांबली. लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी आहे, हे तिने सावकाश, सगळ्यांना दिसेल असं पाहून घेतलं.

मगच आत शिरली.