तारेतलं आजारपण

"तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. गुडघ्याला तेल लावतेस की नाही?"

हा आवाज राहीबाईच्या कानात अजून तसाच होता. शब्द लेकाचे, पण आवाज सुनेचा. दादासो पलटणीत, मुलखाच्या त्या टोकाला; राहीबाईला अक्षराची ओळख नाही. मग चार बुकं शिकलेली शालन उंबऱ्यात बसून पत्र वाचायची, आणि राहीबाई जात्याचा खुंटा धरून नुसती ऐकत राहायची. त्या दिवसांत तिनं दळता दळता एक ओवीसुद्धा बांधली होती:

दूर देशीचा कागद, सून वाचिते उंबऱ्यात
बाळ माझा गं बोलतो, मैनाबाईच्या गळ्यात

दादासो एकाहत्तरच्या लढाईत गेला. मार्गशीर्षात सरकारी तार आली. त्यानंतर लेकाचा खरा आवाज आठवायला बसलं, की आठवायचा तो सुनेचाच. आणि सून तर घरात नव्हती. दिवसकार्य उरकलं, महिना गेला, आणि शालन माधवनगरला भावाकडं निघून गेली. तिथं सूतगिरणीत लागली. तार आली त्या दिवशी तिनं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. राहीबाईनं ते भावकीतल्या चौघींना सांगितलं, चौघींनी चाळीसजणींना.

या गोष्टीला तिसरं वर्ष लागलं होतं. दुःख म्हणावं तर तसं राहीबाईला काही होत नव्हतं. म्हशीला वैरण टाकायची, धार काढायची, भाकरी थापायची. एकदा तव्यावर बोट टेकलं ते तसंच राहिलं. कातडीचा वास आला तेव्हा तिला कळलं. ओव्या कधी सुटल्या तेही ध्यानात आलं नाही. दळण गिरणीतून येऊ लागलं, जातं कोपऱ्यात गेलं.

अशात शेजारचा मानसिंग रजेवर आला. दादासोच्याच पलटणीतला. येऊन सोप्यात बसला, चहाची बशी तोंडाला लावली.

"आमची आई यंदा परत सिरीयस हाय, काकी. म्हून आलोय."

त्याची आई तेव्हा डोक्यावर शेणाची पाटी घेऊन दारावरून चालली होती. तिथनंच ओरडली, "मेल्या, तुज्या रजंपायी चारदा मेले मी! एकदा बायकूला मार की!"

कोरेगावच्या अंगाला ही रीतच होती. घराआड एक जण पलटणीत, आणि रजा मागून मिळायची नाही. मग जवान घरी लिहायचा, की तार करा. तालुक्याच्या पोस्टातून तार जायची: आई सिरीयस, लवकर ये. गावातल्या आया अशा तारेत अंथरुणाला खिळायच्या आणि त्याच दिवशी बाजारात वांग्याचा भाव करत उभ्या असायच्या.

"दादूनं बी लिवलं हुतं की तवा," मानसिंग बोलता बोलता बोलून गेला. "लढाईच्या सालात, भादव्यात. रोज डाकवाल्याला इचारायचा, माझी तार आली का रं..." आणि राहीबाईचं तोंड बघून त्यानं बशी खाली ठेवली. "काकी, तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"न्हाई."

"पर तसं बघितलं तर, माझी तार आली, मी धा दिस घरी ऱ्हायलो, आन् लगीच रेडिओवर सगळ्यांस्नी म्हागारी बोलावलं. मी बी गेलोच की लढाईला. तवा तारंचं काय एवढं..."

हे पुढचं राहीबाईच्या कानावरून गेलं. ती मोजत होती ते एवढंच, की भाद्रपदातलं पत्र शालननं वाचलं होतं, आणि त्यात तारेचं काही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हैस मानसिंगच्या आईला सांगून ती सांगलीच्या एस्टीत बसली. वाटेत मनाशी एकच घोकत होती. तोंडावर विचारायचं. पोरीनं ते दडवलं असेल, तर ती आपली कुणी नाही. तिच्या नावानं आंघोळ करून मोकळं व्हायचं. राग येतोय का, हेही तिनं चाचपून बघितलं. राग नव्हता. बाहेर उसाचे फड मागं पळत होते, कऱ्हाड आलं, गेलं.

माधवनगरच्या चाळीत शालनच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या खोलीतून एक ठेंगणी बाई पान चघळत बाहेर आली.

"शालन पाळीला गेलीया. तीनला सुटंल. तुमी कोन?"

"सासू."

"या अल्ला! कोरेगावच्या?" तिनं राहीबाईला हाताला धरून आत नेलं, चटई टाकली. "मी मदिनाबी. गिरणीत तिला मीच लावली. तिचा भाऊ बदलून मिरजंला गेला, पर ही हितंच ऱ्हायली. बसा. तुमास्नी वळखतो आमी सगळ्याजणी."

राहीबाई सावरून बसली. आता गाऱ्हाणी येणार.

"तुमच्या हातचं हुलग्याचं माडगं लय भारी असतंय म्हनं. आन् तुमी वव्या बांधता. सुताच्या कांड्या भरताना म्हनती ती, माझ्या सासूची ववी हाय म्हून. आमची मुकादमीन तर म्हनती, ए कोरेगाव, तुझी सासू लाव की जरा! रेडिओ असल्यावानी."

तिच्या ओव्या ती स्वतः विसरली होती, आणि इथं पन्नास कोसांवर यंत्रांच्या खडखडाटात कोण कोण त्या ऐकत होतं.

"आन् मी तिच्याबद्दल काय बोललीया, ते बी सांगितलं आसंल," ती म्हणाली.

"न्हाई बा," मदिनाबी म्हणाली. "काय बोललायसा?"



तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. थोड्या वेळानं दारात शालन उभी राहिली. राहीबाईच्या पहिलं डोळ्यात भरलं ते तिचं डोकं. पोर पांढरी झाली होती. चोविसाव्या वर्षी! मग ती वाकून पाया पडली, तेव्हा कळलं, केसांत कापसाची पिंज बसली होती.

"आत्याबाई, एकट्याच आलासा?"

"व्हय. तुला एक इचारायचंय."

मदिनाबीनं तपेली उचलली. "पानी संपलंया माझं," म्हणाली आणि पाण्यानं भरलेली तपेली घेऊनच बाहेर गेली.

"दादानं तारंचं लिवलं हुतं?"

शालन भिंतीला टेकून खाली बसली. "व्हय."

"मला वाचून दावलं न्हाईस."

"न्हाई."

एवढंच ऐकायला राहीबाई आली होती. आता उठून एस्टी गाठायची. पण ती उठली नाही.

"का?"

"तुमच्या मरणाचं तुमच्याच म्होरं कसं वाचायचं, म्हून." शालन हातानं चटईची काडी सरळ करत राहिली. "म्या म्हनलं, गुपचूप तार करावी. त्या आठवड्यात आपण कोरेगावच्या बाजाराला गेलो न्हवं का? तिकीट घेती म्हनून पोस्टात गेले. तुमी भाईर पायरीवर बसलासा."

राहीबाईला तो दिवस आठवला. ऊन लागत होतं. पोर आत गेली ती येईना. तिनं दोनदा हाक मारली होती, "एका तिकिटाला येवढा येळ व्हय गं? का पोस्टमास्तरच हून बसलीस?" पायरीवरून दारातनं शालनचा एक खांदा तेवढा दिसत होता, आणि तो हलत नव्हता. आळशी कुठली, असं वाटलं होतं.

"मास्तरांनी मान बी वर केली न्हाई. म्हनले, आई का बाप? त्येंस्नी समदं पाठच हुतं. म्या म्हनलं, आई. म्हनले, नाव काय म्हातारीचं? आन् तवा खिडकीच्या गजातनं तुमी दिसलासा." शालनचा आवाज पत्र वाचताना असायचा तसाच सरळ होता. "वल्या शेंगा फोडत हुतासा. पोचट दाणं तुमी तोंडात टाकायचा, आन् भरलेलं पदरात एका अंगाला. ते माझ्यासाठनं हुतं. मास्तर म्हनले, अगं सांग की लवकर, म्हातारी जिती हाय का गेली? म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या."

राहीबाईला शेंगांचं काही आठवत नव्हतं. ऊन तेवढं आठवत होतं. ती मनानं त्या खिडकीच्या आतल्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथून पायरीवर एक वाकलेली बाई दिसत होती. टरफलं फुंकत होती, कुरकुरत होती, जिवंत होती. स्वतःला तिनं असं कधी पाहिलं नव्हतं.

"मंग सरकारची तार आली," शालन म्हणाली. "तुमी समोर चालायचा, बोलायचा, मला भाकरी वाढायचा. आन् मला वाटायचं, म्या यांस्नी राखलं आन् त्येंस्नी घालवलं. तुमच्या म्होरं रडायला मला तोंड न्हवतं, आत्याबाई. म्हून निघून आले."

अगं येडे, तारेत दहादा मेले असते की मी, हे राहीबाईच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. मग मानसिंगचं ते पुढचं बोलणं, कानावरून गेलेलं, कुठून तरी परत आलं.

"मानसिंगची तार गेली हुती. धा दिसात त्येला म्हागारी बोलावलं. समद्यांस्नीच बोलावलं, पोरी. दादा बी गेलाच असता."

शालननं मान हलवली. पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. बाहेर दुसऱ्या पाळीच्या बाया हसत खिदळत चालल्या होत्या.

"तू रडली न्हाईस, हे भावकीत मीच सांगितलं," राहीबाई म्हणाली.

"ठावं हाय मला."

"ठावं हाय?" राहीबाई चटईवर पुढं सरकली. "मंग आनखी एक ऐक. हे कुणालाच ठावं न्हाई. बायका गळ्यात पडून रडत हुत्या, मी पदर तोंडावर घेतला आन् नुसतं ऊं ऊं करत बसले. आत डोळं ठणठणीत कोरडं. तुझं तोंड उघडं हुतं, म्हून तुझ्यावर ढकललं. मी बी रडले न्हाई, शालन. माझ्या लेकासाठनं आजून एक टिपूस आलं न्हाई मला."