देवराईच्या दारातला यजमान

सोपानकाकांचं खाकरणं आधी ऐकू येतं, काका मागाहून दिसतात. मार्गशीर्षातलं धुकं धरणाच्या पाण्यावरून उठून देवराईच्या अंगावर रेंगाळत असतं, बेहड्याच्या शेंड्यावर उन्हाची पहिली तिरीप नुकती टेकलेली असते, आणि त्या नितळ शांततेत वळणापलीकडून तो भरदार खाकरा येतो. मग दिसते वाटेवर आडवी लावलेली साखळी, शेजारी प्लास्टिकची लाल खुर्ची आणि खुर्चीत टोपी किंचित तिरकी करून बसलेले काका. शनिवार-रविवारी त्या साखळीची सत्ता त्यांच्याकडे असते.

ती त्यांनी हट्टाने मागून घेतली. त्यांच्या लहानपणी या देवराईत शेकरू होतं. तांबूस, झुपकेदार शेपटीचं, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावताना ऊनच उडाल्यासारखं दिसणारं. पुढे हिंजवडीच्या बाजूने मोटारींची रीघ लागली, रविवारी रानात जत्रा भरू लागली, झाडाझाडाखाली स्पीकर वाजू लागले आणि शेकरू नाहीसं झालं. ते परत यावं, हा काकांचा एकच ध्यास. शेवटी गावाने ठरवलं की देवराई फक्त शनिवार-रविवारी उघडायची, आत मोजकीच माणसं सोडायची आणि एक बाहेर आला तरच दुसरा आत. बाकीचे दिवस गावकऱ्यांनाही बंदी. राखणीला काका बसले.

माणसं अडवायला याहून नालायक माणूस अख्ख्या मुळशीत सापडला नसता. समोर कुणी उभं राहिलं की काकांच्या तोंडून आपसूक निघे, "कंच्या गावचं?" मी सूसहून गेले होते. सूसवरून ते माझ्या आईच्या माहेरी घोटावड्याला पोहोचले, तिथून आपल्या थोरल्या बहिणीच्या सासरी वळसा घातला आणि पाच मिनिटांत मी त्यांची भाची झाले. भाचीला कोण अडवणार? साखळी खाली. माझ्यामागे मराठीचा गंध नसलेला एक इंजिनिअर होता. तो नांद्याला भाड्याच्या खोलीत राहतो म्हणाला आणि खोलीचा मालक नेमका काकांचा व्याही निघाला. "याह्याचा भाडेकरू म्हंजी घरचाच की," काका म्हणाले. पुन्हा साखळी खाली. दुपारपर्यंत रानात लग्नाच्या मांडवासारखी दाटी झाली, आणि काका मात्र नातलग भेटल्याच्या आनंदात न्हाऊन निघालेले.

त्यांच्या पत्नी हौसाकाकू वाटेपलीकडच्या अंगणातून हा सोहळा पाहत होत्या. त्यांची जीभ धारदार आणि नजर त्याहून. "समदे पाव्हणेच हायेत ना तुमचे?" त्या कडाडल्या. "मग चा न पाजता रानात कसं सोडताय त्यास्नी? काय रीत हाय का न्हाई?"

टोमणाच होता तो. पण काकांनी तो तीर्थासारखा ग्रहण केला. पुढच्या शनिवारी अंगणात आंब्याखाली सतरंजी अंथरली गेली आणि चहा घेतल्याशिवाय कुणालाही साखळी ओलांडता येईना. चहा काकूंच्या हाती होता. रानातून कुणी बाहेर येईपर्यंत काकूंना आलं सापडत नसे, दूध तापत नसे, लाकडं ओली असत. तोवर काका एकेकाच्या आजोळापर्यंत जाऊन येत. गर्दी सगळी अंगणात, आणि रान हळूहळू श्वास घेऊ लागलं. कित्येकजण तर नुसता चहा पिऊन, जंगल फार आवडलं असं सांगत माघारी गेले.

माघातल्या एका सकाळी मी अंगणात चहा घेत असताना रानातून एक बाई दबक्या पावलांनी बाहेर आली. "काका," ती अगदी हळू म्हणाली, "बेहड्यावर शेकरू आहे."

काका उठले. कपातला चहा धोतरावर सांडला, तेही त्यांना कळलं नाही. त्यांचा हात साखळीवर गेला आणि तिथेच थांबला. काकूंचा आवाज एवढा मऊ मी कधी ऐकला नव्हता. "जावा तुमी. मी बसते हितं."

ती बाई बाहेर आल्याने आत एकाची जागा झाली होती. काकांनी वळून अंगणाकडे पाहिलं. सतरंजीवर रिकामे कप घेऊन माणसं ताटकळली होती.

"पाव्हणं खोळंबल्यात," ते म्हणाले. "त्यांच्या आदी घरचा माणूस पंक्तीला बसतो व्हय?"

त्यांनी पुढच्याला आत सोडलं आणि ते खुर्चीत बसले. मला त्यांचा भयंकर राग आला. पाठोपाठ इतकी माया दाटून आली की मान वळवून मी उगाच झाडं पाहत राहिले.

आता दर रविवारी कुणी ना कुणी शेकरू पाहून येतं. काका त्याला शेजारी बसवून घेतात, "शेपटी कशी हाय?" विचारतात आणि डोळे मिटून ऐकतात. पाहुण्यांची पंगत काही उठत नाही. ऋतू येतील, जातील, काकाही एक दिवस नसतील. त्या फांदीवर कुणाला तरी शेकरू दिसत राहील, आणि ते दिसावं म्हणून एक माणूस जन्मभर बाहेर बसून राहिला, हे मात्र कुणालाच दिसणार नाही.