वाया गेलेली पडवी

आमच्या जुन्या शाळेला एक पडवी होती. वाडीतल्या बाया सकाळी सातला पोरांना तिथे सोडायच्या आणि मजुरीच्या टेंपोत चढायच्या. पोरं सावलीत बसून भाकरी खायची, पोरी एकमेकींच्या वेण्या घालायच्या, दहाला मी वर्ग उघडायचे. नव्या इमारतीला पडवीच नाही. नकाशा काढणाऱ्या योगेंद्रना मी सभेत विचारलं, तर म्हणाले, "हर्षलाबाई, ती वाया जाणारी जागा होती. त्याऐवजी मुलांना आनंदकोपरा दिलाय."

आनंदकोपऱ्यात गुबगुबीत गाद्या आहेत, भिंतीवर हसरे ढग आहेत. आणि रंग मळू नये म्हणून दहापर्यंत फाटकाला कुलूप. तोवर पोरं रस्त्याच्या कडेला डंपरची धूळ खात बसतात. मुख्याध्यापकांना तीनदा सांगितलं. वरून आदेश आहे म्हणे. कुणाच्या डोक्यातून निघतं हे सगळं, देव जाणे.

काल योगेंद्रनी मला सातलाच बोलावलं. त्यांना कोवळ्या उन्हात फोटो काढायचे होते, किल्लीही त्यांच्याकडेच होती. फाटकाबाहेर सहा पोरं बसलेली.

"बघा, शाळेची किती ओढ आहे," म्हणत त्यांनी फोटो काढला.

"ओढ कसली, सर? त्यांना बसायला दुसरी जागा नाही. आत घ्या त्यांना."

"घेऊ ना. आधी आतले फोटो होऊ द्या. पाय बघा त्यांचे."

ते आत गेले. पहिलीतल्या ठमीची आई, सोमी, हे ऐकत उभी होती. टेंपोवाला हॉर्न वाजवत होता.

"बाई, परवा डंपरचं चाक हिच्या पायाजवळून गेलं. मी हिला हितं नाय सोडायची आता. संगं नेते. खडी उचलंल, पण नजरंसमोर तरी राहील."

"सोमी, आज थांब गं. आज मी आहे."

"आन् उद्या?"

स्वतःचीच लाज वाटली. ठमी दप्तरासकट टेंपोत चढली.

आतून योगेंद्रनी हाक मारली. "बाई, आनंदकोपऱ्यात एखादी लहान मुलगी हवी होती. जरा हसरी."

"एक होती. आत्ताच खोपोलीला गेली, खडी उचलायला."

"अरेरे. दुपारपर्यंत येईल ना?"

मी फाटक सताड उघडलं. उरलेल्या पाचही पोरांना धुळीच्या पायांनी आत आणलं, त्या गाद्यांवर बसवलं आणि भाकऱ्या सोडायला सांगितल्या.

"काढा आता फोटो," मी म्हटलं.