डोनटवरून काढलेला नफा

लेनर्ड प्रुसाकचे लागोपाठ दोन अंदाज सपशेल आपटले होते. ब्रॅनॉक कॉम्प्युटर्स ही कंपनी दर तिमाहीला किती कमावणार हे आधीच सांगायचं, एवढ्याचाच त्याला शिकागोच्या एका दलाली पेढीत पगार मिळे. पण २००१ ची मंदी आली आणि त्याचे तक्ते काहीच्या बाही बोलू लागले. शेवटी त्याच्या साहेबीणबाई मिसेस क्विगली म्हणाल्या, खुर्ची सोड आणि टेक्ससला त्यांच्या कारखान्यावर जाऊन डोळ्यांनी बघून ये.

तिमाहीचा निकाल तोंडावर आलेला, त्यामुळे ब्रॅनॉकची माणसं ब्र काढत नव्हती. फाटकावरच्या रखवालदाराने तर हवामानाबद्दलही बोलायचं नाकारलं. तेव्हा लेनर्ड समोरच्या डोनटच्या दुकानात शिरला. दुकान ओडेसा ग्राइम्स नावाच्या साठीतल्या बाईंचं. नुसतं बसणं बरं दिसेना, म्हणून त्याने डझनभर डोनट घेतले आणि सहज विचारावं तसं विचारलं, धंदा कसा आहे? बाई म्हणाल्या, या महिन्यात एकदम जोरात. महिन्यापूर्वी वीस डझन जायचे, आता सत्तावीसही पुरत नाहीत.

लेनर्ड हरखला. डोनट वाढले म्हणजे खाणारे कामगार वाढले, कामगार वाढले म्हणजे कॉम्प्युटर वाढले. खात्री करायला तो आणखी दोन दिवस बसला, रोज एक डझन संपवला आणि शिकागोला कळवलं: दर शेअरमागे नफा एकतीस सेंट.

चौथ्या दिवशी तो पट्टा सैल करून बसला होता, तेवढ्यात टाय लावलेला एक गृहस्थ आला. त्याने डझनभर डोनट घेतले आणि सहज विचारावं तसं विचारलं, धंदा कसा आहे? त्याच्यामागे दुसरा टायवाला ताटकळत उभा होता. लेनर्डने दुकानभर नजर फिरवली. सहा टाय, सहा वह्या. त्यातल्या बॉस्टनच्या पेढीतल्या एकाला तर तो चांगला ओळखत होता. त्या माणसाने घाईघाईने डोनटचं खोकं तोंडासमोर धरलं.

लेनर्ड उठून काउंटरपाशी गेला.

“बाई, कारखान्यातलं कोण कोण येतं हो तुमच्याकडे?”

“कोण येणार, बाळा? दुसरी पाळी दोन महिन्यांपूर्वीच बंद झाली. माझा जावईच घरी बसलाय.”

“मग मला बोलला नाहीत ते?”

“तू डोनटचं विचारलंस.”

त्याने बाहेर जाऊन साहेबीणबाईंना फोन लावला. एकतीस खोडा, चौदा लिहा, म्हणाला. साहेबीणबाईंनी त्याला मध्येच तोडलं.

“प्रुसाक, आठवड्यात दोन आकडे दिले तर लोकांना वाटेल, आपण अंदाज बांधतो.”

आकडा तसाच राहिला. निकाल लागला, तेरा सेंट. सातही जणांनी तिशीच्या आसपास सांगितलं होतं. सगळेच चुकल्यामुळे कुणीच चुकलं नाही असं ठरलं. वर्तमानपत्रांनी ‘अनपेक्षित’ म्हटलं आणि मिसेस क्विगली निवांत जेवायला गेल्या.

लेनर्डला मात्र राहवेना. तुमचंच खरं निघालं हे सांगायला त्याने ओडेसाबाईंना फोन केला. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं, की ती टायवाली पोरं परत कधी येणार? ती गेल्यापासूनही रोज सत्तावीस डझन तळतेय, सात-आठ डझन फेकावे लागतात.

लेनर्डने जरा विचार केला आणि म्हणाला, “उद्या वीसच तळा.”

दुसऱ्या दिवशी एकोणीस डझन खपले.