जिंकलेल्या कुस्तीचा पंचा

मी एक जुना पंचा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका, कधीकाळी मी पांढराशुभ्र होतो. इचलकरंजीच्या एका मागावर माझा जन्म झाला आणि कसबा बावड्याच्या धोंडुबाईंनी मला आपल्या लेकासाठी, विश्वजितसाठी घेतलं. विश्वजित कोल्हापुरात तालमीत कुस्ती शिकायचा.

त्याची कातडी मुळातच तेलकट. सकाळी धुतलेलं तोंड दुपारपर्यंत चकाकायचं. पोरं चिडवायची, "तुझ्या कपाळावर भजी तळू काय रं?" तो हसायचा आणि मला तोंडावरून फिरवायचा. मला ते फार आवडायचं.

पहिल्याच जत्रेत त्यानं कुस्ती मारली. मी त्याच्या खांद्यावर होतो. तालमीच्या आकाराम वस्तादांनी मला कपाळाला लावलं नि बजावलं, "ह्यो पंचा आता धुवायचा न्हाय. यश हाय की ह्यात!" मी गर्वानं फुगलो. तिथंच घात झाला.

महिने लोटले. मालिशचं तेल, घाम, तांबडी माती, सगळं माझ्यात मुरलं. विश्वजितच्या गालांवर, मानेवर पुटकुळ्या उठल्या. बिचारा कपड्यांच्या साबणानं दिवसातून सहा वेळा तोंड घासायचा. कातडी ताणायची, जळजळायची, आणि तासाभरात पुन्हा तेल यायचं. आणि ते तोंड पुसायला मीच! गालाला टेकलो की फोडांची धग मला लागायची. ओरडावंसं वाटायचं, पण पंच्याचं कोण ऐकतंय?

जिल्हा निवडीच्या दिवशी वजन करण्याआधी तपासणीच्या डॉक्टर आदितींनी त्याचे पिकलेले फोड पाहिले. "ह्याची दुसऱ्यांना लागण होईल. आज खेळता येणार नाही."

"मॅडम, ह्या वयोगटातलं माझं शेवटचं वर्स हाय वो."

"तोंड कशानं पुसतोस?"

त्यानं मोठ्या मानानं मला पिशवीतून काढलं. त्यांनी मला चिमटीत धरलं. "हा कधी धुतलास?"

"जिंकल्यापासनं न्हाय."

मग औषध आलं. सौम्य साबणानं दोनदाच तोंड धुवायचं, फोडांना नख लावायचं नाही, आणि रोज धुतलेला पंचा वापरायचा. तीन महिन्यांत चेहरा निवळला. निवड मात्र गेली ती गेलीच.

मला वाटलं, आता तरी कुणी मला उकळत्या पाण्यात घालेल. पण वस्तादांनी मला तालमीतल्या खुंटीवर टांगलं, उदबत्ती ओवाळली. त्यांच्यापुढं विश्वजितची जीभ उचलत नाही. माझ्यावर त्याच्या चेहऱ्याचा पिवळट डाग उमटलाय. कपाळ, दोन गाल, हनुवटी. तालीम रिकामी झाली की तो डाग माझ्याकडंच बघत असतो. मला त्याची भीती वाटते.

काल तालमीतला नवा पोरगा अमरसिंह आला. येत्या रविवारी त्याची पहिली कुस्ती आहे. त्यानं मला नमस्कार केला आणि घामानं चिंब चेहरा माझ्यात खुपसला. त्याच्या हनुवटीवर दोन बारीक पुटकुळ्या होत्या. दारात विश्वजित उभा होता. तो एक पाऊल पुढं आला, वस्तादांकडं पाहिलं आणि मागं फिरला.

मित्रांनो, तुमचा पंचा रोज धुवा, दुसऱ्याचा तोंडाला लावू नका. मला पुजू नका, मला धुवा. आणि कुणीतरी अमरसिंहला सांगा. विश्वजित सांगणार नाही.