टॉर्गर्सनबाईंचं काचेचं भांडं

खोली मिळाली की नाही, हेच मला चार दिवस कळलं नाही. हसू नका!

मंगळवारी मी टॉर्गर्सनबाईंची माडीवरची खोली बघितली. नर्सिंग कॉलेज तिथून चार पावलांवर. गाडी नसलेल्या मुलीला आणखी काय हवं? तोवर मी वसतिगृहात माझी मैत्रीण टेस हिच्या खोलीत, तिच्या सोफ्यावर झोपत होते. पाहुण्यांना मुभा रविवारपर्यंतच. त्यानंतर नव्वद मैलांवर घरी, आईच्या कोंबड्यांत. म्हणजे सत्र बुडालंच.

"घेतेस का गं खोली?" बाईंनी विचारलं.

"नको, तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला त्यात?"

"नाही हो, दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल."

आमच्या आयोवात दोनदा 'नको' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'एवढं म्हणताय तर' म्हणून घ्यायचं. बाईही इथल्याच. पण त्या तिसऱ्यांदा विचारायचं सोडून "बघू मग" म्हणाल्या, दारात अर्धा तास मक्याच्या पिकाबद्दल बोलल्या आणि माझ्या हातात लिंबाच्या वड्यांचं भांडं कोंबलं.

टेस न्यू जर्सीची, तिकडे सगळा रोखठोक कारभार. वडी चघळत तिनं विचारलं, "हो म्हणाली की नाही म्हणाली?"

"बघू म्हणाल्या."

"अगं बये, मग फोन करून विचार ना!"

"असं तोंडावर कसं विचारायचं?"

"मग काय पाठीवर विचारतेस?"

मी आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "भांडं कसलं? फेकायचं की काचेचं?"

"काचेचं. खाली चिकटपट्टीवर त्यांचं नाव आहे."

"मग परत ये म्हणतेय ती. फेकायचं असतं तर विषय संपला होता. पण रिकामं नेऊ नकोस हं, माझी अब्रू जाईल."

रिकामं कोण नेतंय! पण भरू कशानं? वसतिगृहात ओव्हन नाही, आणि विकतचं तर बाई वासावरूनच ओळखतील. घर नाही म्हणून ओव्हन नाही, ओव्हन नाही म्हणून घर नाही. डोकं नुसतं भणभणलं. शेवटी शनिवारी चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर मिळालं. सफरचंदाचा केक केला. एका कडेला करपला मेला.

बाईंनी दार उघडलं, भांडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, चार दिवस वाट बघितली तुझी! तुला नकोच असेल म्हणून आज सकाळी खोली दुसऱ्या मुलीला दिली. तसंच घेऊन यायचं होतंस की भांडं!"

"रिकामं?" मला रडूच फुटलं. "रिकामं भांडं घेऊन तुमच्या दारात उभी राहू?"

त्यांनी केकच्या करपलेल्या कडेकडे पाहिलं. रिकामं त्यांनीही आणलं नसतं.

"मागे माझी शिवणाची खोली आहे," त्या म्हणाल्या. "बारकीशी आहे. राहशील का तिथे?"

'नको' अगदी ओठांवर आलं होतं. रविवार उद्यावर आला होता.

"हो," मी म्हणाले.

बाई दचकल्याच. दुसऱ्यांदा विचारायला उघडलेलं त्यांचं तोंड तसंच राहिलं. लाजेनं माझे कान तापले, पण शब्द काही मी मागे घेतला नाही.

"हो?"

"हो. आजपासून."

"बरं बाई," त्या म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या. "मग ते भांडं आता तूच ठेव ओट्यावर."